पत्रिकेच्या पाठीवरचे शब्द

देवमन गावंडे सरांच्या हातात लग्नपत्रिका पडली की तिचं आयुष्य फार तर एका संध्याकाळचं. सर आधी लग्नाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहायचे, मग कात्री घेऊन पत्रिकेचे सारखे आठ तुकडे करायचे आणि कोऱ्या पाठीवर इंग्रजी शब्द लिहायला बसायचे. तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडला त्यांनी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. तेवढ्या काळात गावातल्या कुठल्याच लग्नाचा कागद त्यांच्या तावडीतून सुटला नाही. लोकांनाही त्याचं कौतुक होतं. एका नवरदेवाच्या बापानं तर पत्रिका देताना मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, "सर, मांगची बाजू कोरीच ठेवाले सांगतली बरं, तुमच्यासाठी."

शब्दही कोणतेही चालत नसत. लिहायला अक्षरन् अक्षर सारखे, पण अर्थानं आणि जन्मानं ना नात्याचे ना गोत्याचे, असेच शब्द सरांना हवे असत. बार्क म्हणजे कुत्र्याचं भुंकणं आणि बार्क म्हणजे झाडाची साल. पहिला इंग्लंडच्या मातीतला, दुसरा समुद्र ओलांडून आलेल्या उत्तरेकडच्या लोकांनी सोबत आणलेला. सील म्हणजे समुद्रातला प्राणी, तो अस्सल इंग्रज. आणि सील म्हणजे मोहोर, ती लॅटिनच्या घरची, फ्रेंचांकडे मुक्काम करून आलेली. एका तुकड्यावर एक शब्द, खाली त्याचे दोन-तीन अर्थ आणि प्रत्येक अर्थासमोर त्याचं मूळ गाव. 'मूळ गाव' हे सरांचंच म्हणणं. वर्गात ते सांगायचे, "नुसतं थोबाड पाहून वळख झाली असं समजू नका रे पोट्टेहो."

यावरून कोणाला सर मोठे विद्वान वाटतील, तर तसं काही नव्हतं. साधा बी.ए., बी.एड. माणूस. भित्रा म्हणावा इतका शांतताप्रिय. गल्लीत भांडणाचा आवाज आला की घराची खिडकी लावून घेणार आणि डिक्शनरी उघडणार. त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईनं, त्यांना बरोबर ओळखलं होतं. ती आल्यागेल्याला सांगायची, "यायले जित्या मानसाईपेक्षा शब्द बरे वाटतात. शब्द उलटून बोलत नाहीत नं."

दामिनी या घरात शिरली ती अशाच एका शब्दामुळे. जानराव ढोऱ्यांची ही मुलगी, चार गल्ल्या पलीकडे राहणारी. नववीत असताना एका संध्याकाळी ती खजुराचं रिकामं पाकीट घेऊन दारात उभी राहिली. शेजारच्या हलीमाबीनं रमजानमध्ये दिलेल्या खजुराचं ते पाकीट होतं. दामिनी म्हणाली, "सर, याच्यावर डेट्स लिहून हाये. पन कोन्ती डेट, थे काई लिहिलं नाही." सर खूप हसले, आणि मग त्यांनी तिला शेजारी बसवून दाखवलं, की खजुराचा डेट ग्रीकांच्या 'हाताचं बोट' या शब्दावरून आला आणि तारखेचा डेट लॅटिनमधल्या 'दिलेला' या शब्दावरून, कारण रोमचे लोक पत्र कधी दिलं ते वर लिहीत. पोरगी ऐकत राहिली. जाताना म्हणाली, "म्हंजे या दोघाईची कधी भेटच झाली नव्हती." शिकवलेलं इतकं बरोबर समजून त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सरांनी तिला एका पत्रिकेचे तीन कोरे तुकडे दिले.

मग ती येतच राहिली. शाळा सुटली की साडेचारच्या सुमाराला बाहेर सायकल स्टँडवर लागल्याचा आवाज यायचा, आणि उंबऱ्यातूनच ती म्हणायची, "सर, एक सापडला." कधी दोनच मिनिटं थांबायची, पायातली चप्पलही काढायची नाही. बारावीपर्यंत तिच्या हातचे एकसष्ट तुकडे सरांच्या डब्यात जमा झाले. सरांना मूलबाळ नव्हतं. तिचा त्यांना लळा लागला होता, आणि हे त्यांनी कधी स्वतःशीही कबूल केलं नाही.

बारावीला दामिनी इंग्रजीत केंद्रात पहिली आली. तिला अमरावतीला जाऊन इंग्रजी घेऊन बी.ए. करायचं होतं, वसतिगृहाचा फॉर्मही तिनं आणून ठेवला होता. त्याच आठवड्यात मोर्शीकडचं एक स्थळ सांगून आलं. घर चांगलं, संत्र्याचा बगीचा, मुलगा निर्व्यसनी. जानराव दोन्हीकडे पाहत बसले होते, त्यांचं काही ठरत नव्हतं. एका बुधवारी दामिनी सरांकडे आली. त्या दिवशी ती चप्पल काढून आत आली आणि खाली बसली.

"सर, तुमी एकदा बाबांशी बोलसान का? तुमचा शब्द थे खाली पडू देनार नाहीत."

"बोलतो नं," सर म्हणाले. "कधी येऊ?"

"रविवारी चार वाजता. बाबा घरीच राह्यतात."

"येतो."

आता त्या रविवारचं काय झालं ते सांगायला हवं. सरांनी अमरावतीच्या एका ओळखीच्या प्राध्यापकाकडून मोठी डिक्शनरी आठ दिवसांच्या बोलीवर आणली होती, दोन हातांनी उचलावी लागे अशी. रविवारी जेवण झाल्यावर ते 'साउंड' या शब्दाला भिडले. आवाज तो साउंड, धडधाकट तो साउंड, दोन जमिनींमधलं चिंचोळं पाणी तो साउंड आणि पाण्याची खोली मोजणं तेही साउंड. एका चेहऱ्याचे चार. चार वाजता सरांनी घड्याळ पाहिलं. एवढं एक मूळ गाव पाहतो आणि निघतो, असं ते मनाशी म्हणाले. पाच वाजता त्यांनी सदराही बदलला. मग पुन्हा बसले. साडेसहाला उजेड उतरायला लागला तेव्हा म्हणाले, आता काय जायचं, जेवणाची वेळ होत आली असेल त्यांची.

खरं सांगायचं तर डिक्शनरी हे निमित्त होतं. जानराव फाटक्या तोंडाचा माणूस. 'आमच्या घरचं तुमाले काय कराचं, सर?' असं तो आपल्याला चारचौघांत सुनावेल, या एका वाक्याची सरांना धास्ती होती. ते वाक्य जानराव कधीच बोलले नव्हते. सरांनी ते स्वतःच तयार केलं होतं आणि स्वतःच त्याला भिऊन घरी बसले होते.

सोमवारी दामिनी आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मनकर्णाबाईनं नळावरून बातमी आणली, की ढोऱ्यांच्या पोरीचं पक्कं झालं.

पंधरा दिवसांनी जानराव स्वतः पत्रिका घेऊन आले. पांढरा सदरा, टोपी, हातात कुंकू लावलेल्या अक्षता. त्यांनी चहा घेतला, आणि चहा संपल्यावरही उठले नाहीत. सर ज्यांत शब्दांचे तुकडे साठवायचे त्या, भिंतीशी रचलेल्या मिठाईच्या डब्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, तुमाले काही म्हनाचं असन तं म्हना."

सरांना वाटलं, रीतीचं बोलणं आहे. हातातली पत्रिका त्यांनी बोटांनी चाचपून पाहिली. हस्तिदंती रंगाचा, जाडजूड, मागून स्वच्छ कोरा कागद. ते म्हणाले, "पत्रिका मोठी देखनी छापली, जानरावजी. कागद एक नंबर हाये." जानरावांनी टोपी सारखी केली आणि निघून गेले.

त्याच संध्याकाळी सरांनी ती पत्रिका कापली. मुद्दाम नव्हे, हाताच्या सवयीनं. दोन दिवसांनी त्यातल्याच एका तुकड्यावर ते सील लिहीत बसले असताना दारात दामिनी उभी होती. सरांनी तिला वापरायला दिलेली छोटी डिक्शनरी ती परत करायला आली होती. सरांनी घाईघाईनं हातातला तुकडा पालथा घातला. पालथा घातला तशी त्याची छापील बाजू वर आली, आणि तिच्यावर लाल अक्षरांत तिचंच नाव होतं, आडनावाच्या मधोमध कापलेलं. दामिनीनं ते पाहिलं. डिक्शनरी टेबलावर ठेवली. "येतो मी, सर," म्हणाली आणि गेली.

त्यानंतर ती हिवरखेडच्या त्या घरी कधी आली नाही, आणि खरं तर गेलीही नाही.

पुढच्याच महिन्यात एका दुपारी साडेचारला सर लिहीत बसले होते आणि बाहेर सायकल स्टँडवर लागली. त्यांनी मान वर केली. दारात कोणी नव्हतं, गल्लीत सायकलही नव्हती. असं पुन्हा झालं, मग आठवड्यातून दोनदा होऊ लागलं. सरांनी टेबल फिरवून भिंतीकडे तोंड केलं. त्यानं आणखी वाईट झालं. आता ती पाठीमागे उभी असायची. चप्पल न काढता, हातात काहीतरी धरून, न बोलता. मान वळवली की उंबरा रिकामा. एकदा मनकर्णाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली तर सर रिकाम्या दाराला सांगत होते, "ये नं, आत ये." त्या दिवसापासून साडेचार वाजले की ती आपलं निवडण-टिपण घेऊन त्या उंबऱ्यातच बसू लागली.

तुकड्यांनाही बाधा झाली. इतकी वर्षं सरांनी शब्दांचीच बाजू पाहिली होती. आता कुठलाही तुकडा उचलला की बोटं आपोआप तो उलटा करायची, आणि मागून कोणाचं तरी अर्धं नाव वर यायचं, कोणाचा मुहूर्त, कोणाच्या भाच्याचं 'आमच्या मामाच्या लग्नाला नक्की यायचं हं'. त्यांतले कितीतरी आता नव्हते. एक नवरी वर्षाच्या आत माहेरी परत आली होती. एक नवरदेव रस्त्यावरच्या अपघातात गेला होता. पाइनच्या तुकड्यावर सरांनी कधीकाळी लिहून ठेवलं होतं, की एक पाइन म्हणजे झाड आणि दुसरा म्हणजे झुरणं, आणि झुरण्याचं मूळ गाव लॅटिनमधली शिक्षा. तो तुकडा दामिनीच्या हातचा नव्हता, तिच्या पत्रिकेचाही नव्हता. तरी सर तो हातात धरून तासन् तास बसायचे.

ती कशी आहे, हे त्यांनी कोणालाच विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं. आणि न विचारल्यामुळे त्यांच्या मनात तिचं वाट्टेल ते होत गेलं. ती सासरी जाचात होती, ती आजारी होती, ती विहिरीत होती. पेपरात मोर्शीचं नाव दिसलं की सर ती बातमी आधी बोटानं झाकायचे आणि मग एकेक ओळ उघडत वाचायचे.

निवृत्तीनंतर दोघं अकोल्याच्या मोठी उमरी भागात राहायला आली. नवं घर, नवं दार. त्या दारात दामिनी जन्मात उभी राहिली नव्हती. पहिल्याच आठवड्यात साडेचारला तिथेही सायकल लागली.

अशी एकूण एकोणीस वर्षं गेली. यंदा माघात अमरावतीच्या एका छोट्या प्रकाशकानं सरांचा शब्दसंग्रह छापायची तयारी दाखवली. सगळे डबे नीट लावताना तिचे एकसष्ट तुकडे वेगळे निघाले. गोल, उजवीकडे कललेलं अक्षर. ते पुस्तकात घ्यायचे तर तिला विचारायला हवं होतं. वगळायचे तर ती दुसऱ्यांदा वगळली जाणार होती. सर तीन दिवस जेवले नाहीत धड.

चौथ्या दिवशी मनकर्णाबाईनं ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "मोर्शीच्या अलीकडं घर हाये तिचं. बगीच्यातच राह्यतात. एक पोरगी हाये, आचल नावाची."

"तुले कसं मालूम?"

"मले कवाचंच मालूम हाये. तुमी कधी इचारलं नाही. मी पाहून राहिली, कधी इचारता थे. जा नं एकदाचे. काय म्हनन थे म्हनन. तुमच्या दारात उभी राहून म्हनत नाही, तं तिच्या दारात जाऊन आयका."

सर गेले. अकोल्याहून अमरावती, तिथून मोर्शीची गाडी. सबंध रस्ताभर ते एकच वाक्य मनात जुळवत होते, आणि ते वाक्य त्या कापलेल्या पत्रिकेबद्दल होतं. शिव्या दे, पण एकदा बोल, एवढंच त्यांना तिच्याकडून हवं होतं.

घरासमोरच्या मांडवात संत्र्यांचा ढीग होता आणि चार-पाच बाया बसून मोठी-लहान वेगळी करत होत्या. त्यांतली एक उठली. अंगानं भरलेली, कपाळावर घाम, डोक्याला रुमाल बांधलेला. इतकी वर्षं जी दारात उभी होती ती अठराची होती. ही कोण, हे कळायला सरांना वेळ लागला.

दामिनीनं ओळखलं. वाकून पाया पडली, खुर्ची मागवली, पाणी दिलं, चहा सांगितला. मग पुन्हा खाली बसून संत्री हातात घेतली. "माल भरून द्याचा हाये सर, हात चालू ठेवतो. बोला तुमी."

सरांनी पुस्तकाचं सांगितलं. पिशवीतून एकसष्ट तुकडे काढून तिच्यासमोर धरले. तिनं ओले हात पदराला पुसून दोन-चार पाहिले आणि हसली. "माझंच अक्षर हाये नं हे? मले यातला एकही आठवत नाही सर. टाका पुस्तकात. नावही टाका, आचलले दाखवीन."

मग सर त्या वाक्याकडे आले. "तू डिक्शनरी वापस कराले आली होती नं, त्या दिवशी मी... तुझी पत्रिका कापली होती. तू पाह्यलं."

"हो, मंग?" दामिनी म्हणाली. "थे तं तुमी गावातल्या सगळ्याईच्याच कापत होते. मले बरंच वाटलं होतं सर. म्हटलं, आपन गेलो तरी नाव सरांच्या डब्यात राह्यन."

सरांना खरं वाटेना. एकोणीस वर्षं छातीवर असलेला धोंडा असा कोणीतरी येता-जाता उचलून बाजूला ठेवावा, तसं झालं. त्यांचे डोळे भरून आले. सुटलो, असं त्यांना वाटलं, आणि ते अगदी उघडपणे हसले.

दामिनी हातातल्या संत्र्याकडे पाहत होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "रविवारची गोष्ट येगळी होती."

सरांचं हसू तोंडावर तसंच राहिलं.

"त्या दिवशी बाबांनं दुपारीच धुतलेला सदरा घातला होता. आईनं पोहे भिजवले. बाबांनं ओसरीवर दोन खुर्च्या टाकल्या, एक सोतासाठी, एक तुमच्यासाठी. मले म्हनले, सर सांगतीन तसं करू. अमरावती म्हनतीन तं अमरावती." तिनं एक संत्रं मोठ्या ढिगात टाकलं. "दिवा लागेपावतर बसले होते. मंग दोन्ही खुर्च्या आत नेल्या आन म्हनले, तुया सरालेच तसं वाटत नाही, बाई."

"मले... मले कोनी सांगतलं नाही," सर म्हणाले.

"पत्रिका द्याले बाबा मुद्दाम सोता आले होते. म्हनत होते, अजूनही काही बोलले सर, तं पाहू. मोडता येते. घरी आल्यावर मी इचारलं, काय म्हनले सर? तं म्हनले, कागद चांगला हाये म्हनले."

बाकीच्या बाया आपसात काहीतरी बोलत होत्या. आतून कोणीतरी चहा आणून सरांच्या हातात दिला. तो त्यांनी नुसताच धरून ठेवला, तेव्हा दामिनीनं उठून कप त्यांच्या हातातून काढून घेतला आणि खुर्चीशेजारच्या क्रेटवर ठेवला.

"बाबा गेले, त्याले सहा वर्षं झाली," ती म्हणाली. "मले राग नाही सर. घर चांगलं भेटलं, मानसं चांगली हायेत. आचलले मी शिकवून राहिली. पन त्या रविवारपासून एक झालं. मी कोनाचीच वाट पाहत नाही. मानूस येतो म्हनते तवा मी हो म्हनतो, आन माझं काम करत राह्यतो."

एवढं बोलून ती पुन्हा खाली बसली आणि तिनं ढिगातलं पुढचं संत्रं उचललं.